टेकडीच्या वह्या आणि तीन महिन्यांची मुदत

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मी २००६ पासून जाते आणि तेव्हापासूनच वहीत लिहिते. तारीख, वेळ, कोणत्या वाटेने चढले, काय फुललं, काय वाळलं, कोणता पक्षी बोलला. दोनशे पानी अकरा वह्या भरल्या. कोषागारात एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यामुळे नोंद जागच्या जागी करायची आणि दुसऱ्याला वाचता येईल अशी करायची, ही सवय हाडीमांसी मुरलेली. पण त्या वह्या दुसऱ्या कुणी कधी वाचल्या नाहीत. कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्या आणि त्यांच्यावर जुन्या साड्यांचं बोचकं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीसाठी पदयात्रा निघाली. टेकडीतून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावावरून तेव्हा शहरात बरंच बोललं जात होतं. मीही चालले. शेजारून चालणाऱ्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारलं, "काकू, टेकडीवर नक्की काय काय आहे, त्याची यादी कुठे बघायला मिळेल?" मी म्हटलं, "माझ्याकडे आहे. घरी, कपाटात." त्याने मान डोलावली आणि पुढे गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. कपाटातल्या यादीचं तो तरी काय करणार? पण ते वाक्य माझ्याच तोंडून ऐकल्यावर मला फार लागलं.

तरीही त्यानंतर वर्ष गेलं. ते का गेलं हे सांगायला हवं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आज त्याच जागी उभे असतील.

माझी भाची हिंजवडीला नोकरी करते. तिने तेव्हाच सांगितलं होतं, "मावशी, आयनॅचरलिस्टवर टाक. झाडं, किडे, पक्षी यांच्या नोंदींसाठीच आहे ते." मी विचारलं, म्हणजे फेसबुकसारखंच का? ती म्हणाली, माणसं असतात, एकमेकांना फॉलो करतात, एकमेकांच्या फोटोंखाली लिहितात, तेवढ्यापुरतं तसंच. तेवढं ऐकून मी मागे सरले. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं, फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती भलत्यांच्या हाती गेली असावी असं खुद्द कंपनीने सांगितलं, तेव्हा मी ठरवलं होतं की आपण कुठेच खातं उघडायचं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींना रात्री बारा-बारापर्यंत फोन चाळताना पाहिलं होतं. आणि मनात एक साधी भीतीही होती. अठरा वर्षं जे मी स्वतःपुरतं लिहिलं, ते चुकीचं निघालं तर?

शेवटी २०२४ च्या मे महिन्यात भाचीने एक मधला मार्ग सुचवला. आयनॅचरलिस्टवाल्यांचंच सीक नावाचं दुसरं ॲप आहे. त्याला खातं लागत नाही, नाव नाही, ईमेल नाही. फोन पानासमोर धरायचा आणि ते झाड कोणतं असावं हे ते सांगतं. ते मी पंधरा दिवस वापरलं. ज्यांना थेट उडी मारायची भीती वाटते त्यांनी इथूनच सुरुवात करावी. त्या पंधरा दिवसांत मला दोन गोष्टी कळल्या. एक, पळस आणि पांगारा ते बरोबर ओळखतं, पण गवतापाशी अडतं. दुसरी, ते नाव सांगून मोकळं होतं, पुढे बोलायला कुणी नसतं. मला बोलायचं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग आयनॅचरलिस्टवरच खातं उघडायचं ठरवलं आणि स्वतःशी त्याची मुदत ठरवली. तीन महिने. रोज अर्ध्या तासाच्या वर नाही. नव्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले, जमा आणि खर्च. मुदत संपली की बेरीज करायची आणि राहायचं की निघायचं ते ठरवायचं.

९ जून, रविवार. आदल्या दिवशी शहरात जोरदार पाऊस पडून गेला होता. सकाळी टेकडीवर जाऊन आले आणि अकरा वाजता भाचीला फोनवर घेऊन खातं उघडायला बसले. ॲपला पैसे पडत नाहीत. जाहिराती नाहीत. ही संस्था ना-नफा आहे. २००८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा प्रकल्प म्हणून ती सुरू केली आणि २०२३ च्या जुलैपासून ती स्वतंत्र संस्था म्हणून चालते. हे मी आधी वाचून घेतलं होतं. पैसे कुठून येतात हे कळल्याशिवाय सही करायची नाही, ही नोकरीतली सवय.

नाव काय द्यायचं इथे पहिला अडसर आला. खरं नाव द्यावंच लागतं असं नाही. मी टोपणनाव घेतलं आणि फोटोच्या जागी कळलावीचं फूल लावलं. ईमेलवर खात्री करण्यासाठी पत्र येतं. माझं नको असलेल्या पत्रांच्या फोल्डरमध्ये जाऊन पडलं होतं, त्यात पाऊण तास गेला. तुमचं आलं नाही तर आधी तिथे बघा.

त्यापुढचा प्रश्न परवान्याचा, आणि तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. आपली नोंद, आपला फोटो आणि आवाज, या तिन्हींसाठी वेगवेगळा परवाना निवडता येतो. मुळात जो लावलेला असतो तो क्रिएटिव्ह कॉमन्सचा, त्याचा साधा अर्थ असा की कुणीही वापरावं, पण नाव द्यावं आणि त्यातून पैसे कमावू नयेत. 'सर्व हक्क राखीव' असंही करता येतं. पण तसं केलं तर आपली नोंद जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जात नाही, आणि संशोधक बहुतेक तिथूनच माहिती घेतात. म्हणजे पुन्हा कपाटच. मी आहे तोच परवाना ठेवला. एक लक्षात घ्या, परवाना नंतर बदलता येतो, पण आधीच ज्यांनी आपला फोटो त्या अटींवर घेतला त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही. नातवंडांचे चेहरे चुकूनही या फोटोंत येऊ देऊ नका.

पहिली नोंद काळी मुसळीची. पहिल्या पावसानंतर जमिनीलगत उमलणारं सहा पाकळ्यांचं पिवळं फूल. दुसरी कुड्याची, झाडावर शेवटची थोडी पांढरी फुलं उरली होती. खाली नाव लिहिलं, पांढरा कुडा. १८ वर्षं तेच लिहीत आले होते.

काळ्या मुसळीला दोन तासांत कुणीतरी दुजोरा दिला. इथे एक शब्द समजून घ्यावा लागतो, रिसर्च ग्रेड. फोटो, तारीख आणि जागा असलेल्या नोंदीवर ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं एका प्रजातीवर एकमत झालं की तिला हा दर्जा मिळतो. तोपर्यंत ती 'नीड्स आयडी' म्हणून थांबलेली असते. त्या दोन तासांत मी किती वेळा फोन उघडून पाहिला ते वहीत लिहिलं आहे. अकरा वेळा. खर्चाच्या रकान्यातली ही पहिली ओळ. त्याच संध्याकाळी ॲपच्या सगळ्या सूचनांचे आवाज बंद केले आणि बघायची वेळ ठरवली, रात्री जेवणानंतर, एकदाच.

कुड्याचं उत्तर ११ जूनला आलं. लिहिणाऱ्याच्या खात्यावरून एवढंच कळत होतं की ते केरळातले आहेत. त्यांनी माझं नाव बदलून राइटिया टिंक्टोरिया सुचवलं होतं, म्हणजे आपला काळा कुडा. खाली तीन ओळी होत्या. फुलाच्या मधोमध तंतूंची झालर दिसते आहे, पांढऱ्या कुड्याला ती नसते. शक्य झालं तर शेंगांचा फोटो टाका, या झाडाच्या शेंगा जोडीने येतात आणि कोवळ्या असताना टोकाशी जुळलेल्या असतात.

मी फोटो मोठा करून पाहिला. झालर होती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चूक एका दिवसाची नव्हती. हेच झाड मी २००६ पासून दर उन्हाळ्यात लिहीत होते, कारण टेकडीवरच्या एका जाणत्या गृहस्थांनी पहिल्या वर्षी तसं सांगितलं होतं आणि फुलं पांढरी म्हणून मलाही ते पटलं होतं. दोन्ही कुड्यांची फुलं पांढरीच असतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सकाळी उठून यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, मग बरंच झालं ना कळलं ते." मला मात्र बरं वाटायला आठवडा लागला. १६ जूनच्या रविवारी मी पुन्हा त्याच झाडाखाली जाऊन उभी राहिले. फुलं सरली होती, पण पानाच्या देठातून चीक निघाला, तो मी नीट पाहिला, पानं चुरून पाहिली, शेंगा कुठे धरतायत का ते पाहिलं. अठरा वर्षांत त्या झाडाकडे मी इतक्या लक्षपूर्वक पाहिलं नव्हतं, कारण मला वाटत होतं की ते मला माहीत आहे.

हे जमेच्या रकान्यात लिहिलं. लिहिताना हात थोडा अडखळला, पण लिहिलं.

सगळेच इतक्या सौजन्याने बोलतात असं नाही. जूनच्या शेवटी एका गवताच्या नोंदीखाली एकाने फक्त 'नाही' एवढंच लिहिलं. मी विचारलं, मग काय असावं? उत्तर आजतागायत आलेलं नाही. पहिल्या दिवशी फार वाईट वाटलं. नंतर त्या माणसाचं खातं उघडून पाहिलं, तर त्याने हजारो नोंदी अशाच तपासल्या होत्या, दिवसाला शेकड्याने. माझ्याशी त्याचं वैर नव्हतं.

माझीही एक चूक इथे सांगते. पहिल्या आठवड्यात ॲप जे नाव सुचवेल ते मी निमूटपणे स्वीकारत होते. फोटो टाकला की ते पाच-सात नावं पुढे करतं आणि पहिलं नाव बघून वाटतं, हेच असणार. एकदा तर भारतात नसलेल्याच एका किड्याचं नाव मी मान्य करून बसले. सुचवलेल्या नावाखाली ते आपल्या जवळपास सापडतं का हे लिहिलेलं असतं, ते आधी बघावं. खात्री नसेल तर प्रजातीपर्यंत जाऊच नये, कुळ किंवा वंश एवढंच लिहावं. 'हे गवत आहे' एवढं लिहिलं तरी गवतं जाणणाऱ्या माणसाला ती नोंद सापडते. मला हे कळल्यावर फार हलकं वाटलं. कोषागारात 'माहीत नाही' असं लिहायची सोय कधी नव्हती.

आता घराची गोष्ट. २२ जूनला रात्री ट्यूबलाइटपाशी एक सुंदर पतंग येऊन बसला, हिरवट पंखांचा. फोटो काढला, टाकला. मग पाल, मग ओट्यावरच्या लाल मुंग्या, गॅलरीतल्या कुंडीतला कोळी. आठवड्यात घरातल्या पाच नोंदी झाल्या. ३० जूनला भाची जेवायला आली होती. तिने माझ्या खात्याचा नकाशा उघडला आणि फोन माझ्यासमोर धरला. "मावशी, हे बघ, तुझी बिल्डिंग." पाचही टाचण्या आमच्या छपरावर टोचलेल्या होत्या. शिवाय टेकडीवरच्या सगळ्या नोंदींच्या वेळा सव्वासहा ते पावणेआठ. घर कुठे आणि त्यात सकाळी कोण नसतं, हे दोन्ही मीच मांडून ठेवलं होतं.

जेवण तसंच ठेवून आम्ही आधी ते दुरुस्त केलं. प्रत्येक नोंदीला जागेचे तीन पर्याय असतात. ओपन म्हणजे नेमकी जागा सगळ्यांना दिसते. ऑब्स्क्युअर्ड म्हणजे साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दिसतं. प्रायव्हेट म्हणजे काहीच दिसत नाही. घरातल्या, सोसायटीतल्या आणि नातेवाइकांच्या गावच्या सगळ्या नोंदी मी ऑब्स्क्युअर्ड केल्या. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एकट्या राहणाऱ्या बायकांनी तर नक्की करावं. इथे बंद खातं असा प्रकारच नाही. जे टाकाल ते, झाकलेली जागा सोडून, सगळ्या जगाला दिसतं, खालची चर्चासुद्धा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कू हे ट्विटरसारखं ॲप बंद होत असल्याची बातमी आली. आपल्याकडेच, बंगळुरात सुरू झालेलं, मराठीतूनही लिहिता येणारं, आणि चार-पाच वर्षांत संपलं. त्याआधी ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालेलं आपण पाहिलंच आहे. बातमी वाचून मी भाचीला फोन केला, हेही उद्या बंद पडलं तर? तिने वेबसाइटवरून सगळ्या नोंदींची फाइल उतरवून घ्यायला शिकवलं. एक्सेलमध्ये उघडते. पण त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. म्हणून फोटो वेगळे जपायचे. मी दर महिन्याच्या एक तारखेला फाइल उतरवते, पेन्शन आलेली बघण्याच्या दिवशीच, म्हणजे विसरत नाही. आणि वही चालूच आहे. ती बंद करायचा विचारही केला नाही.

वह्यांवरून एक मोठी निराशा झाली, ती लपवत नाही. मला वाटलं होतं, हळूहळू अठरा वर्षांच्या नोंदी तिथे उतरवून काढीन. पण फोटो किंवा आवाज नसलेली नोंद तिथे 'कॅज्युअल' या वर्गात जाते आणि तिथेच राहते. लागवड केलेल्या झाडांचंही तसंच, आमच्या सोसायटीतल्या बकुळीची नोंद त्याच वर्गात गेली. नियम बरोबर आहे, पुराव्याशिवाय मी तरी कुणाचं बिल पास केलं असतं का? पण अकरा वह्या, आणि त्यांना तिथे जागा नाही, हे पचायला जड गेलं. पक्ष्यांपुरता मार्ग आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ई-बर्ड जुन्या, फोटो नसलेल्या याद्याही घेतं, तारीख आणि जागा पक्की असेल तर. ते काम मी हिवाळ्यासाठी राखून ठेवलं.

झाडांचं काय करायचं ते वहीनेच सुचवलं. एका संध्याकाळी २०११ ची वही चाळताना ओळ दिसली, 'खाणीच्या वरच्या अंगाला, बोरीच्या जाळीत कळलावी, दोन फुलं.' तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली. १४ जुलैच्या रविवारी मी वही पिशवीत घालून तिथे गेले. तेरा वर्षांत त्या बाजूला किती वाटा बदलल्या, किती गिरिपुष्प वाढलं. बोरीची जाळी होती. तिच्यातून वेल वर आला होता, पानाचं टोक तसंच तणाव्यासारखं वळलेलं, आणि वर एक फूल, खालून पिवळं, टोकाकडे लाल. मी तिथल्या दगडावर बसले. बराच वेळ फोटोच काढला नाही.

त्यानंतर पावसाळाभर हेच केलं. शनिवारी रात्री जुन्या वह्यांतून त्या आठवड्याची पानं काढायची, रविवारी त्या त्या जागी जायचं. सापडलं तर आता फोटोसकट नोंद होते. न सापडलेलंही वहीत लिहिते. २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर घरांत पाणी शिरलं, त्या आठवड्यात टेकडीचं नाव काढलं नाही. माझी एक मैत्रीण तिकडे राहते, तिचं सामान वर चढवायला आम्ही दोघं गेलो होतो.

कळलावीची जागा मी ओपन ठेवली नाही. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, औषधासाठी तो उपटून नेतात. काही धोक्यातल्या प्रजातींची जागा तिथे आपोआप झाकली जाते, पण सगळ्यांची नाही, म्हणून आपणच विचार करायचा. भाचीचं म्हणणं पडलं, "मावशी, जागाच झाकलीस तर टेकडी वाचवायला तिचा उपयोग काय?" वाद झाला आमचा. आम्ही शेवटी असं केलं की सोनकी, तेरडा, कुर्डू, साळई, मोई, गणेर यांच्या जागा उघड्या ठेवायच्या आणि उपटून नेण्यासारखं जे आहे ते झाकायचं. मूळ जागा माझ्या खात्यात राहतेच, उद्या कुणा अभ्यासकाला हवी असेल तर विश्वासाने देता येते. अजूनही मला वाटतं की हा निर्णय प्रत्येक झाडामागे वेगळा घ्यावा लागतो आणि त्याला वेळ जातो.

ऑगस्टमध्ये मी दुसऱ्यांच्या नोंदी बघायला लागले. जागेच्या खिडकीत पुणे निवडायचं, ओळख न पटलेल्या नोंदी उघडायच्या, आपल्याला शंभर टक्के माहीत आहे तेवढ्यावरच बोलायचं. रोज दहा, जास्त नाहीत. टाकळा, कुर्डू, आघाडा, हे मला डोळे मिटून ओळखता येतात. पहिल्यांदा एकाची चूक दाखवायची वेळ आली तेव्हा मी वाक्य चार वेळा खोडून लिहिलं. केरळातल्या त्या माणसाची पद्धत उचलली. आधी काय दिसतंय ते सांगायचं, मग काय बघावं ते. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी नवा फोटो टाकला आणि मराठीतच लिहिलं, 'आता दिसलं.' तिथे मराठीतून लिहिता येतं हे अनेकांना माहीत नसतं. लिहा. समोरचा भाषांतर करून वाचतो.

नावांचंही तसंच. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या एक आजी पावसाळ्यात भाजीला टाकळा-कुर्डू खुडायला येतात. त्यांना मी कळलावीचा फोटो दाखवला. "खड्यानाग हाय ह्यो. हात नका लावू." घरी येऊन बघितलं तर तिथे मराठी नावांत मला ते दिसलं नाही. प्रजातीच्या पानावर नाव जोडायची सोय वेबसाइटवर आहे, भाषा मराठी निवडायची, प्रदेश महाराष्ट्र. स्वतः तयार केलेलं नाव घालू नये, लोकांच्या तोंडी असलेलंच घालावं असा नियम आहे, आणि तो मला फार आवडला. मी आधी दोन छापील पुस्तकांत तपासलं, मग 'खड्यानाग' भरलं. पुढच्या रविवारी आजींना सांगितलं की तुमचं नाव आता परदेशातल्या माणसालाही दिसेल. त्या म्हणाल्या, "माझं कशाला, झाडाचं नाव हाय ते."

९ सप्टेंबरला मुदत संपली. घरात गणपती होता, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, करंज्यांचं सारण करून ठेवलं होतं. आरती झाल्यावर वही घेऊन बसले.

एकूण नोंदी २१४. रिसर्च ग्रेड १२७, कॅज्युअल ३१, आणि ५६ अजून कुणाची तरी वाट बघत थांबलेल्या. त्यात बहुतेक गवतं आणि बारके किडे. पैशांचा खर्च असा झाला, फोनला लावायची क्लिप लेन्स ५५० रुपये, पॉवर बँक १,१९० रुपये. इंटरनेटचा पॅक होता तोच पुरला. पॉवर बँक नसती तरी चाललं असतं, लेन्स मात्र घ्याच, मुंगीएवढ्या फुलाचा फोटो त्याशिवाय येत नाही. वेळ ठरवलेल्या अर्ध्या तासाऐवजी सरासरी चाळीस मिनिटं गेला, तीन महिन्यांचे साठेक तास. दोन रविवारी फोटोंच्या नादात यांचा चहा राहिला आणि एकदा पाय घसरून गुडघा खरचटला, कारण मी वाटेकडे न बघता फोनकडे बघत होते. हे सगळं खर्चात धरलं.

जमेच्या रकान्यात काय लिहावं यावर मी जास्त थांबले. माणसं लिहिली, सात. ज्यांची नावं मला माहीत नाहीत, चेहरे पाहिलेले नाहीत, पण जे माझ्या नोंदींकडे नियमाने येतात. केरळातले ते, पतंगांवर बोलणारे एक परदेशातले, पुण्यातलीच ती मुलगी. मग कळलावीची बोरीची जाळी लिहिली. शेवटी लिहिलं, 'यादी आता कपाटात नाही.'

यांनी विचारलं, "मग काय, राहायचं?" मी म्हटलं, राहायचं. वेळ मात्र पुन्हा अर्ध्या तासावर आणायची, चालताना फोन पिशवीत ठेवायचा आणि पुढच्या ९ जूनला परत बेरीज करायची. बाकीच्या ठिकाणी खातं उघडावं का, याचं उत्तर अजूनही नाही असंच आहे. तिथे माझ्याकडे देण्यासारखं काही नाही आणि घ्यायला मी जाणार नाही.

गौरी विसर्जनानंतरच्या रविवारी, १५ सप्टेंबरला, कुड्यापाशी गेले. शेंगा धरल्या होत्या. हिरव्या, बारीक, जोडीजोडीने लोंबणाऱ्या, आणि प्रत्येक जोडीची टोकं खाली एकमेकींना जुळलेली. चार फोटो काढले, केरळातल्या गृहस्थांना नोंदीखाली दाखवले. त्यांनी फुलाचं एक चित्र पाठवलं, बाकी काही लिहिलं नाही.

घरी येऊन २००६ ची वही काढली. कार्यालयात चुकीच्या नोंदीवर खाडाखोड करायची नसते. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर शब्द, बाजूला सही आणि तारीख. तसंच करते आहे. 'पांढरा'वर रेघ, वर 'काळा'. त्या पहिल्या वहीतच एकवीस ठिकाणी निघाला. आज सातव्या वहीपर्यंत आले आहे.